तुलूझचे रसायनाचार्य पॉल साबात्ये

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी मजकडे सोपविले, तेव्हा मी एखाद्या संताविषयी अथवा देशभक्ताविषयी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र निवडले आहे. हा पुरुष आपल्या ज्ञातीचा नव्हे की देशाचा नव्हे; त्याचे नावही आपणांपैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. तथापि त्याच्या विद्येचे एक फळ आपणां सर्वांच्या घरी वर्षानुवर्षे मुक्कामास होते. हिरव्या ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डालडाचा पिवळा डबा आठवून पाहा. तूप संपल्यावर आपल्या आयाबहिणींनी त्यात डाळ-तांदूळ भरले, आणि डबा जुना झाल्यावर त्यातच तुळस लावली. त्या डब्यातील पदार्थ ज्या शोधातून निर्माण झाला, त्या शोधाची ही हकीकत आहे.

प्रारंभीच सांगतो की मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि पस्तीस वर्षे मुलांना सामान्य विज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. परंतु या चरित्रात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी विचार करावा. एक म्हणजे आपल्या गावावरील निष्ठा, आणि दुसरी म्हणजे सहकाऱ्याचे ऋण.

पॉल साबात्ये यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन या गावी झाला. जुन्या तटबंदीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव राजधानी पॅरिसपासून फार दूर आहे. मुलगा हुशार निघाला. १८७४ साली त्यास पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयात प्रवेश मिळाला, आणि तीन वर्षांनी तेथून तो पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. एक वर्ष नीम गावच्या शाळेत त्याने मास्तरकी केली. शिक्षकांच्या पंक्तीत हा थोर पुरुष एक वर्ष का होईना बसला होता, हे लिहिताना मला आनंद होतो. पुढे त्या काळचे श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बर्तलो यांच्या हाताखाली पॅरिसमध्ये काम करून १८८० साली साबात्ये यांनी डॉक्टरेट मिळविली. इतका पाया घातल्यावर कोणीही पॅरिसमध्येच बस्तान बसविले असते. साबात्ये दक्षिणेस परतले. १८८२ साली ते तुलूझच्या विद्यापीठात रुजू झाले, १८८४ साली वयाच्या तिसाव्या वर्षी रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९३० साली निवृत्त होईपर्यंत ती जागा त्यांनी सोडली नाही.

त्यांच्या शोधाकडे वळण्यापूर्वी ‘उत्प्रेरक’ म्हणजे काय हे पाहणे अवश्य आहे. आपल्या ज्ञातीत लग्न जुळविणारा मध्यस्थ असतो. दोन घरे एकमेकांस ओळखत असतात, मुलगा व मुलगी उपवर असतात, तरी सोयरीक पुढे सरकत नाही. मध्यस्थ येतो, चार दिवसांत बोलणे पक्के करतो, आणि अक्षता पडल्या की दुसऱ्या घरच्या कामास लागतो. तो स्वतः बोहल्यावर चढत नाही. रसायनशास्त्रात असाच प्रकार आढळतो. दोन पदार्थ शेजारी असूनही संयोग पावत नाहीत. तिसरा पदार्थ हजर होताच त्यांचा संयोग झपाट्याने होतो आणि तो तिसरा पदार्थ अखेरीस होता तसाच शिल्लक राहतो. १८२३ साली जर्मनीतील डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला असता तो आपोआप पेटला. स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८३५ साली अशा प्रकारांस ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. त्यालाच आपण उत्प्रेरण म्हणतो. नाव मिळाले, परंतु मध्यस्थ नेमके काय करतो हे कोडे मात्र तसेच राहिले.

साबात्ये या कोड्यापाशी आडवाटेने आले. १८९० साली इंग्लंडमध्ये लुडविग मॉंड व त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. निकेलच्या बारीक भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड वायू नेला असता तो निकेलसारख्या कठीण धातूशी संयोग पावून बाष्परूपाने उडून जातो. साबात्ये यांच्या मनात आले की, धातू जर या एका वायूस असे कवटाळतो, तर त्यासारख्याच दुसऱ्या अतृप्त वायूंसही तो का कवटाळणार नाही? येथे ‘अतृप्त’ म्हणजे ज्यांच्या अणूंची आणखी संयोग करण्याची शक्ती शिल्लक आहे असे. त्यांनी प्रथम नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर प्रयोग केले. नंतर ॲसिटिलिन वायू निकेलवरून नेण्याचा त्यांचा विचार होता. इतक्यात १८९६ साली म्वासां व मूर या पॅरिसच्या दोघा शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग प्रसिद्ध केला. ताज्या निकेलवर ॲसिटिलिन सोडताच धातू तापून लाल झाला, कार्बन साचला, काही द्रव हायड्रोकार्बने मिळाली आणि हायड्रोजन वायू बाहेर पडला. धातू सच्छिद्र असल्यामुळे वायू त्यात कोंडतो व तापतो, असा त्यांनी या प्रकाराचा अर्थ लावला.

साबात्ये यांना तो अर्थ पटला नाही. तरीही त्यांनी लगेच त्या प्रयोगात हात घातला नाही. म्वासां हे फ्लोरिन वायू प्रथम वेगळा करणारे जगप्रसिद्ध गृहस्थ होते. हे काम ते पुढे चालविणार आहेत काय याची साबात्ये यांनी आधी चौकशी केली, आणि तसा त्यांचा विचार नाही हे कळल्यावरच पाऊल पुढे टाकले. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याविना नांगर घालू नये, हा शिष्टाचार त्यांनी विद्येच्या प्रांतातही पाळला.

या कामी त्यांच्या जोडीस होते आबे झाँ-बाप्तिस्त सांदरेंस. ‘आबे’ ही फ्रान्समधील ख्रिस्ती धर्मोपदेशकाची पदवी होय. सांदरेंस साबात्ये यांच्याहून वयाने थोडेसेच लहान असून तुलूझच्याच कॅथॉलिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. १८९७ साली या दोघांनी ॲसिटिलिनऐवजी एथिलिन हा वायू घेतला आणि सुमारे ३०० अंश उष्णतेच्या निकेलवरून नेला. धातू तापला, काजळी धरली. येथवर नवे काही नव्हते. मग त्यांनी बाहेर पडणारा वायू तपासला. तो मुख्यत्वे एथेन होता. एथेन म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू अधिक असलेले एथिलिन. हे अधिक अणू आले कोठून? काही एथिलिनचे विघटन होऊन सुटलेला हायड्रोजन निकेलच्या मध्यस्थीने उरलेल्या एथिलिनास चिकटला, हाच एक उलगडा संभवत होता. तसे असेल तर हायड्रोजन बाहेरून पुरविला की काम अधिक सुलभ व्हावयास हवे. त्यांनी एथिलिन व हायड्रोजन यांचे मिश्रण निकेलवरून नेले. फारशी उष्णता न देताच शुद्ध एथेन मिळू लागले. एका साध्या तपासणीतून रसायनशास्त्राचे नवे दालन उघडले गेले.

त्यांच्या उपकरणाची साधेपणा पाहून आश्चर्य वाटते. एक लांब काचेची नळी, तीत निकेलच्या ऑक्साइडाचा पातळ थर, खाली तापविण्याची सोय आणि एका टोकाकडून हायड्रोजनचा प्रवाह. हायड्रोजन प्रथम ऑक्साइडातील ऑक्सिजन काढून घेई व निकेलची अतिशय बारीक, ताजी भुकटी मागे राही. मग ज्या पदार्थात हायड्रोजन घालावयाचा त्याची वाफ त्या प्रवाहाबरोबर सोडावयाची. पूर्वी अशा कामास महाग प्लॅटिनम किंवा तीव्र रसायने लागत. येथे निकेलसारखा स्वस्त धातू पुरेसा झाला.

यानंतरची पाच-सहा वर्षे या जोडीच्या भरभराटीची होत. १९०१ साली त्यांनी सुमारे १८० अंश उष्णतेस बेंझिनची वाफ निकेलवरून नेऊन सायक्लोहेक्झेन तयार केले. हे काम तोवर अत्यंत दुर्घट मानले जाई. नायट्रोबेंझिनपासून ॲनिलिन मिळाले, जे रंगाच्या कारखानदारीचे मूळ द्रव्य होय. १९०२ साली कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांच्यापासून मिथेन व पाणी तयार झाले. पुढे आल्फाँस माय या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर साबात्ये यांनी धातूंच्या ऑक्साइडांचा अभ्यास केला. त्यात एकाच मद्यार्कातून एक उत्प्रेरक हायड्रोजन काढून घेतो तर दुसरा पाणी काढून घेतो, असे दिसून आले. मध्यस्थ बदलला की सोयरीकही बदलते, असेच म्हणावयाचे.

या निकेलची एक खोडही त्यांनी शोधून काढली. गंधक, क्लोरिन अथवा ब्रोमिन यांचा लेशमात्र अंश आत शिरला तरी निकेल निष्प्रभ होतो. दिसावयास धातू तोच, वजन तेच, पण काम बंद. याला त्यांनी उत्प्रेरकाची विषबाधा मानले. संस्था चालविणाऱ्यांनी हा दाखला मनात ठेवण्याजोगा आहे.

उत्प्रेरक काम कसा करतो, याविषयी साबात्ये यांचे मत स्पष्ट होते. मध्यस्थ नुसता शेजारी उभा राहत नाही. निकेल क्षणभर हायड्रोजनशी खराखुरा, परंतु अस्थिर संयोग करतो, तो हायड्रोजन लगेच दुसऱ्यास देऊन मोकळा होतो, आणि पुन्हा नवा हायड्रोजन घेतो. अनेक विद्वानांना हा केवळ भौतिक चमत्कार वाटे. आज तपशील बराच बदलला आहे; तरी धातूच्या पृष्ठभागाशी तात्पुरते रासायनिक बंध जुळतात ही मूळ कल्पना टिकून आहे. आपले सर्व ज्ञान त्यांनी १९१३ साली ‘कार्बनी रसायनशास्त्रातील उत्प्रेरण’ या विषयावरील ग्रंथात एकत्र केले. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

आता डालडाच्या डब्याकडे येऊ. साबात्ये यांचे काम मुख्यत्वे वाफेच्या रूपातील पदार्थांवर होते. तेलाची वाफ करता येत नाही, ते जळते. ही अडचण जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन यांनी दूर केली. निकेलची भुकटी तापलेल्या तेलातच मिसळून त्यांनी त्यातून हायड्रोजन सोडला. पातळ तेल तुपासारखे थिजले. १९०२ साली त्यांनी याचे पेटंट घेतले. म्हणजे वाट तुलूझमध्ये सापडली आणि तीवरून कारखान्याची गाडी दुसऱ्यानेच हाकली. आपल्याकडे १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, १९३२ साली मुंबईस शिवडी येथे तिचे उत्पादन सुरू झाले, आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले.

या पदार्थाने गरिबाच्या घरी सणाला शंकरपाळी व करंज्या तळल्या, हे खरे. परंतु साजूक तुपात भेसळही त्यानेच सोपी केली. म्हणून सरकारला वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे करावे लागले. तिळाचे तेल साध्या रासायनिक परीक्षेत ओळखता येते व भेसळ उघडी पडते. महात्मा गांधींनी या पदार्थास जाहीर विरोध केला होता. पुढे असे कळून आले की, तेलात हायड्रोजन अर्धवट घातला तर ‘ट्रान्स मेद’ नावाचा घटक उत्पन्न होतो व तो हृदयास अपायकारक असतो. त्यामुळे १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेल व मेद यांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम झाला. शोधाचा गुणदोष वापरणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतो. बेंझिनपासून सायक्लोहेक्झेन बनविण्याच्या त्याच क्रियेतून पुढे नायलॉनचा धागा मिळाला. मिथेन व पाणी देणारी ‘साबात्ये क्रिया’ तर अंतराळात पोहोचली. २०१० साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तिचे यंत्र बसविण्यात आले, ते अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडापासून पाणी मिळविण्याकरिता.

अशी कीर्ती झाल्यावर पॅरिसचे बोलावणे येणारच. १९०७ साली म्वासां व बर्तलो हे दोघेही निवर्तले आणि त्यांच्या मानाच्या जागा साबात्ये यांच्यापुढे ठेवण्यात आल्या. त्यांनी त्या नाकारल्या. त्या काळी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे पूर्ण सभासदत्व पॅरिसमध्ये राहणाऱ्यासच मिळे. म्हणजे तुलूझ न सोडणे याचा अर्थ त्या सन्मानास मुकणे असा होता. साबात्ये गावीच राहिले. अखेर १९१३ साली अकादमीने पॅरिसबाहेर राहणाऱ्या शास्त्रज्ञांकरिता सहा जागा निर्माण केल्या आणि त्यांवर प्रथम निवड साबात्ये यांचीच झाली. मनुष्य नियमाकडे गेला नाही, नियमच मनुष्याकडे आला. दरम्यान १९०५ पासून विज्ञान शाखेचे प्रमुख या नात्याने त्यांनी तुलूझमध्ये रसायन, विद्युत्-तंत्र व शेती या तीन विषयांच्या संस्था उभ्या करण्यास हातभार लावला. १८९८ साली पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही व चार मुलींना वाढविले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच त्यांनी देह ठेवला. १९६९ साली तेथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

येथे चरित्र संपवावे तर गोड होईल. पण एक गोष्ट राहून जाईल. १९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांत विभागले गेले. अर्धे साबात्ये यांना, बारीक धातूंच्या साहाय्याने कार्बनी पदार्थांत हायड्रोजन घालण्याच्या पद्धतीकरिता. अर्धे नान्सीचे व्हिक्टर ग्रिन्यार यांना, मॅग्नेशियमच्या त्यांच्या प्रसिद्ध संयुगांकरिता. सांदरेंस यांचे नाव त्यात नव्हते. ज्या प्रयोगांमुळे ही पद्धत जन्मास आली त्यांच्या निबंधांवर दोघांची नावे होती. १९०५ साली फ्रेंच अकादमीने आपले झेकेर पारितोषिक दोघांना मिळूनच दिले होते. नोबेलच्या वेळी आपणांस वगळले गेले, हे सांदरेंस यांच्या मनास फार लागले. खुद्द ग्रिन्यार यांनीही खाजगी पत्रात असे म्हटले होते की, पारितोषिक आधी साबात्ये व सांदरेंस यांना आणि नंतर आपले गुरू बार्ब्ये यांच्यासह आपणांस मिळते तर बरे झाले असते. मॅग्नेशियमची वाट बार्ब्ये यांनीच त्यांना दाखविली होती.

साबात्ये यांनी कोणाचे श्रेय चोरले असे मी म्हणत नाही. निवड करणारे दुसरेच होते, आणि मूळ विचार साबात्ये यांचा होता हे उघड आहे. परंतु नवलाची गोष्ट ही की, उत्प्रेरक स्वतः कार्यात भाग घेतो हे जगास पटविणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच कीर्तीत, त्याच्या शेजारी उभे राहून नळी तापविणारा मनुष्य मागे पडला.

हे वाचल्यावर मला माझीच एक गोष्ट आठवली आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एके वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेच्या उपकरणास पहिले पारितोषिक मिळाले. ते हायड्रोजन तयार करून साठविण्याचे उपकरण होते. कल्पना माझी होती. पण काचेच्या नळ्या स्पिरिटच्या दिव्यावर वाकविल्या, बुचांना भोके पाडली, गळती मेणाने बंद केली, ते सर्व काम आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायांचे. सात संध्याकाळी ते घरी उशिरा गेले. प्रशस्तिपत्रावर ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून एकट्या माझे नाव आले. समारंभात मी व्यासपीठावर उभा असताना ते मागे उपकरणाची पेटी सांभाळीत बसले होते. त्या वेळी दोन शब्द बोलणे माझ्या हाती होते. मी बोललो नाही. कोणी मना केले नव्हते. मलाच ते सुचले नाही, किंवा सुचले तरी मी ते दाबले. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

हा लेख लिहावयास घेतल्यावर ते प्रशस्तिपत्र मी भिंतीवरून उतरविले, माझ्या नावाशेजारी स्वहस्ते त्यांचे नाव लिहिले आणि ते त्यांच्या चिरंजिवांच्या हाती नेऊन दिले. लेखातही नाव छापण्याची मी परवानगी मागितली. ते म्हणाले, “गुरुजी, छापू नका. बाबांना ते आवडलं नसतं. पण हे घरात लावतो.” म्हणून ते नाव येथे नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी थाटाने होतो. गुणवंत मुलामुलींची छायाचित्रे या स्मरणिकेत छापली जातात, देणगीदारांची यादी प्रसिद्ध होते. ते योग्यच आहे. पण ज्यांनी वसतिगृहाचा स्वयंपाक केला, वर्गणीसाठी उन्हातान्हात दारोदार पावत्या फाडल्या, गावी राहून मुलांच्या शिकवण्या फुकट घेतल्या, त्यांचीही एक यादी पुढील अंकापासून छापावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. त्या यादीतील पहिल्या दहा नावांचा मजकूर मी स्वतः गावोगाव फिरून गोळा करून देईन. पाय अजून चालतात, तोवर एवढे काम माझ्याकडे असावे.